डिस्क पर्समध्ये घालून जा

अगं, अडॅप्टर शोधायला निघालीस ते ठीक, पण कुठल्या डिस्कसाठी? इथं जबलपुरात मढातालला जयंती कॉम्प्लेक्समध्ये जाऊन ‘लॅपटॉप की हार्डडिस्क डेस्कटॉप में लगाने वाला अडॅप्टर’ मागशील, तर दुकानदार काउंटरवर चार वस्तू टाकेल. चारही त्याच कामाच्या असतील आणि तुझ्या डिस्कला कदाचित एकही बसणार नाही. त्यात त्याची चूक नाही, आपला प्रश्नच अर्धा आहे. म्हणून आधी डिस्क लॅपटॉपमधून बाहेर काढ आणि बरोबर घेऊन जा. नेपियर टाउनहून मढाताल कितीसं लांब! वस्तूचं वर्णन करत बसण्यापेक्षा वस्तूच समोर ठेवावी, ही माझी टेलिफोन खात्यात असल्यापासूनची सवय. नवे सुटे भाग ज्या चंदेरी पिशवीत येतात तिच्यात डिस्क घाल. ती नसेल तर कागदी पाकीट चालेल. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिच्यावर स्थिर वीज साठते आणि डिस्कखालची हिरवी पाटी त्यानं दुखावते.

आणि हो, डिस्क दाखवायची, द्यायची नाही. ‘छोड़ जाइए मॅडम, शाम को ले जाना’ असं कोणी म्हणालं तर हसून नाही म्हण. अडॅप्टर आपल्याला विकत घ्यायचाय, घरातले फोटो कोणाच्या टेबलावर ठेवायचे नाहीत.

आपल्या घरात लॅपटॉप साचले यात नवल नाही. १ नोव्हेंबर १९५६ला हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला आलं, त्याच्या मागोमाग आपल्या घरातले थोरले, अण्णा, आले, आणि तेव्हापासून या घरानं एक कागद टाकलेला नाही. आधी लोखंडी पेट्या भरल्या, मग तुझ्या बाबांनी सगळं स्कॅन करायला घेतलं, आता पेट्यांच्या जागी बंद पडलेले लॅपटॉप आहेत. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार कंपनीनं काढून घेतला, म्हणून चालते लॅपटॉपही कोपऱ्यात गेले. लॅपटॉप गेला तरी त्यातली डिस्क बहुतेक वेळा धडधाकट असते. पडदा जातो, बिजागरी तुटते, कीबोर्डवर चहा सांडतो, डिस्क आत सुखरूप असते.

तर डिस्क हातात घे आणि तिचं तोंड बघ. तोंडाच्या जागी प्लास्टिकच्या दोन चपट्या पट्ट्या, एक आखूड, एक लांब, दोन्हींच्या टोकाला इंग्रजी ‘एल’सारखा वळसा, असं दिसलं तर ती साटा डिस्क. आखूड पट्टीत ७ संपर्क, ते माहितीचे. लांब पट्टीत १५, ते विजेचे. २००३च्या सुमारास ही पद्धत बाजारात आली आणि पुढं काही वर्षांत लॅपटॉपमध्येही तीच रुळली. आता नीट ऐक: लॅपटॉपच्या अडीच इंची साटा डिस्कचं तोंड आणि डेस्कटॉपच्या साडेतीन इंची साटा डिस्कचं तोंड अगदी एकच असतं. मापात फरक नाही, जागेत फरक नाही. डेस्कटॉपमधली साटा केबल आणि एसएमपीएसची, म्हणजे कॅबिनेटमधल्या विजेच्या डब्याची, साटा पॉवर केबल थेट बसते. अडॅप्टर लागतच नाही! लॅपटॉपची डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते आणि पॉवरच्या तारेत १२ व्होल्टही असतात म्हणून लोक घाबरतात. त्या संपर्कांना ती डिस्क हातही लावत नाही.

मग लोकांना अडॅप्टर हवासा का वाटतो? एक कारण सांगते. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये डिस्कच्या तोंडावर एक लहानसा जोडतुकडा बसवलेला असतो, कारण त्यांच्या मदरबोर्डवरचं तोंड वेगळं. डिस्क बाहेर काढली की तो तुकडा तिलाच चिकटून येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, ही काहीतरी खास डिस्क दिसते. नखानं दोन्ही बाजूंनी थोडंथोडं सरकव, सरळ ओढ, वाकवू नको. तो निघाला की खाली नेहमीचं तोंड दिसतं. तुकडा फेकू नको, लॅपटॉप परत उभा करायचा झालाच तर लागेल.

तुला खरं लागणार आहे ते बसायला आसन. अडीच इंची डिस्क साधारण ७० मिलिमीटर रुंद, डेस्कटॉपचा कप्पा १०१.६ मिलिमीटरच्या डिस्कसाठी. मधली जागा भरायला पत्र्याची किंवा प्लास्टिकची चौकट मिळते, ती माग. ‘ढाई से साढ़े तीन का ब्रॅकेट’ एवढं म्हणालं की पुरे. पण त्याआधी तुझ्या कॅबिनेटमध्ये डोकावून बघ. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये तळाला किंवा मदरबोर्डच्या मागच्या बाजूला अडीच इंचाची भोकं आधीच पाडलेली असतात, मग तेवढाही खर्च नको. एसएसडी असेल तर तिच्यात फिरणारं काही नाही, दुहेरी चिकटपट्टीनं लावलीस तरी चालेल. फिरणाऱ्या डिस्कला मात्र चारही स्क्रू हवेत. लोंबकळत ठेवलेली डिस्क स्वतःच्याच थरथरीनं वाचताना अडखळते.

स्क्रूचं सांगितलं नाही तर तुझा हात हमखास चुकीच्या डबीत जाईल. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे, अडीच इंचीचे बारीक आट्यांचे, एम-३ मापाचे. जाड स्क्रू अडीच इंचीत जबरदस्तीनं फिरवलास तर भोकाचे आटे जातात. लांबीही बघ. आत जेमतेम ३ मिलिमीटर जायला हवा, त्याहून लांब स्क्रू आतल्या पाटीला जाऊन टेकू शकतो. लॅपटॉपमधून डिस्क काढताना निघालेले चार इवलेसे स्क्रू असतात ना, तेच वापर. आणि डिस्कच्या अंगावर एक बारीक भोक असतं, शेजारी ते झाकू नका असं छापलेलं असतं. ते डिस्कचं श्वास घ्यायचं भोक. त्यावर ना चिकटपट्टी, ना नावाची चिठ्ठी.

दुकानात एक शब्द मात्र टाळ: कॅडी. आपल्या बाजारात कॅडी म्हणजे लॅपटॉपमधला सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह काढून त्या जागी दुसरी डिस्क बसवायचा ट्रे. तो ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाड्यांत मिळतो आणि डेस्कटॉपमध्ये त्याचा उपयोग शून्य. तू कॅडी मागशील, तो प्रामाणिकपणे कॅडी देईल, आणि परत बदलून घेताना दोघांचंही तोंड वाकडं होईल.

एसएमपीएसमध्ये साटा पॉवरची तार शिल्लक नसेल तर जुन्या चार टाचण्यांच्या, म्हणजे मोलेक्सच्या, तारेवरून साटा करणारी लहान केबल मिळते. इथं पैसे वाचवू नको. या केबलचं साटा टोक दोन तऱ्हेचं असतं. एकात तारांवर अख्खं प्लास्टिक ओतून ठोकळा केलेला, दुसऱ्यात प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली आणि मागून झाकण असलेलं. ओतीव ठोकळ्यात तारा आतल्या आत सरकून एकमेकींना चिकटल्याची, प्लास्टिक वितळल्याची आणि आग लागल्याची उदाहरणं जगभर झाली आहेत. झाकणवाली घे. दिसायला ओबडधोबड असते, पण आत काय आहे ते डोळ्यांना दिसतं. ज्या जोडाचं पोट उघडून बघता येत नाही त्यावर मी खात्यातही विश्वास ठेवत नव्हते.

आता जुन्या डिस्का. तुझ्या बाबांचा तो जाडजूड काळा लॅपटॉप आठवतो का? त्याच्या डिस्कला चपट्या पट्ट्या नसतील, बारीक टाचण्यांच्या दोन ओळी असतील. ती आयडीई. इथं अडॅप्टर खरोखर लागतो आणि इथंच सावध राहायचं. डेस्कटॉपच्या आयडीई डिस्कला ४० टाचण्या, दोन टाचण्यांत २.५४ मिलिमीटर अंतर, आणि विजेचं तोंड वेगळं. लॅपटॉपच्या डिस्कला ४४ टाचण्या, अंतर २ मिलिमीटर, आणि वीज वेगळी नाहीच, ती शेवटच्या चार टाचण्यांतून येते: ४१ आणि ४२वर ५ व्होल्ट, ४३ जमीन, ४४ मोकळी. त्यामुळं ४४चं ४० करणाऱ्या अडॅप्टरला एक मोलेक्सची शेपटी असते. ती एसएमपीएसला जोडली नाही तर डिस्क मेल्यासारखी पडून राहते आणि लोक डिस्कलाच दोष देतात.

गोंधळ पुढं आहे. या ४४ टाचण्यांच्या पलीकडे थोडी जागा सोडून आणखी ४ टाचण्या असतात. त्या जंपरच्या, म्हणजे केबलवर डिस्क मास्टर की दुय्यम हे ठरवणाऱ्या टोपीच्या. घाईत अडॅप्टर सरकून या चारांवर चढतो, किंवा उलटा बसतो, आणि ५ व्होल्ट जिथं जायला नकोत तिथं जातात. मग धूर येतो, किंवा धूरही न येता काम संपतं. म्हणून खिडकीजवळ बस, चष्मा लाव, आणि दोन खुणा बघ. पहिल्या नंबरची टाचणी जंपरच्या चार टाचण्यांच्या बाजूला असते. आणि मधे २० नंबरची टाचणी मुद्दाम गाळलेली असते, अडॅप्टरमध्ये त्या जागी भोक बुजवलेलं असलं तर उलटं बसणारच नाही. स्वस्त अडॅप्टरमध्ये ते बुजवलेलं नसतं, तेव्हा डोळ्यांवरच भिस्त. चपट्या केबलची लाल कड एक नंबरच्या बाजूला. जंपर काहीच लावला नाही तर बहुतेक लॅपटॉप डिस्का मास्टर असतात. त्याच केबलवर दुसरी मास्टर डिस्क असेल तर दोघींचं भांडण होतं, म्हणून त्या केबलवर हिला एकटी ठेव. आणि आयडीईला कधीही चालू मशीनमध्ये हात लावायचा नाही. बंद कर, मागचा प्लग काढ, मग जोड.

पण तुझ्या नव्या डेस्कटॉपच्या बोर्डवर आयडीईचं तोंड असेल असं मला वाटत नाही. इंटेलनं २००६मध्येच आपल्या चिपसेटमधून आयडीई काढून टाकलं, पुढं काही वर्षं बोर्ड बनवणाऱ्यांनी वेगळी चिप लावून ते टिकवलं, मग तेही संपलं. तेव्हा ४४ टाचण्यांच्या डिस्कसाठी सरळ यूएसबीचा तिहेरी अडॅप्टर घे. एकाच डबीला तीन तोंडं असतात: एका बाजूला ४० टाचण्यांचं, एका बाजूला ४४चं, तिसरीकडे साटा. बरोबर १२ व्होल्टचा वेगळा पॉवर अडॅप्टर येतो, तो साडेतीन इंची डिस्कसाठी. घरात निरनिराळ्या वयाच्या डिस्का असतील तर ही एक वस्तू सगळ्या चौकटी-केबलींपेक्षा उपयोगी. जयंती कॉम्प्लेक्समध्ये नवी नाही मिळाली तर गुरंदीत जुनी शोध. तिथं जुन्या सामानाच्या ढिगात अशा गोष्टी असतात, फक्त दुकानातल्या दुकानात लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. आपल्या डिस्कवर बघायचं नाही, त्याच्याकडची एखादी भंगार डिस्क लावायला सांग.

उलटं प्रकरणही असतं. डेस्कटॉप जुना, फक्त आयडीईचा, आणि डिस्क साटा. त्यासाठी लहान कन्व्हर्टर पाटी मिळते, पण काही पाट्या एकाच दिशेनं चालतात. ‘बोर्ड आयडीई, डिस्क साटा’ असं स्पष्ट सांगून घे.

तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये यातलं काहीच नसेल. च्युइंगमच्या कांडीएवढी पाटी असेल, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० लांब. तिला एम-डॉट-टू म्हणतात. इथं आकार फसवतो. सारख्याच दिसणाऱ्या पाटीत दोन जाती आहेत, एक साटाची भाषा बोलणारी, दुसरी एनव्हीएमई. टोकाच्या सोनेरी संपर्कांत दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एकच असेल आणि ती पाच संपर्क सोडून असेल तर बहुधा एनव्हीएमई. बहुधाच म्हणते, कारण अपवाद आहेत. लेबल वाच, तिथं लिहिलेलं असतं. साटावालीला अडीच इंची खोकं मिळतं, त्यात स्क्रूनं बसवली की ती साध्या साटा केबलवर चालते. एनव्हीएमईला ते खोकं चालणार नाही. तिला बोर्डवरची स्वतःची जागा हवी किंवा पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत बसणारं कार्ड. जुन्या बोर्डवर असं कार्ड लावलं तर माहिती दिसेल, पण तिच्यावरून विंडोज सुरू होईलच असं नाही, मशीन सुरू करणाऱ्या बायोस या प्रोग्रॅमला तेवढं कळत नाही. यूएसबी खोकं घेतानाही दुकानदाराला विचार, एनव्हीएमई, साटा की दोन्ही. दोन्ही चालणारं थोडं महाग असतं, तेच घे.

काही स्वस्त आणि अगदी पातळ लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डवरच डाक लावून पक्की केलेली असते. त्यांच्यासाठी जगात कुठलाही अडॅप्टर नाही. तेव्हा असा लॅपटॉप पूर्ण बंद पडण्याआधी, धापा टाकत असतानाच माहिती काढून घे.

साटा डिस्कमधली माहिती एकदाच उतरवून घ्यायची असेल तर कॅबिनेट उघडूच नको. यूएसबी-टू-साटाची केबल काही शे रुपयांत मिळते, डिस्क टेबलावर वर्तमानपत्रावर ठेव आणि लाव. विजेचा हिशेब मात्र कर. जुन्या यूएसबी तोंडातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, निळ्या ३.० तोंडातून ९००. डिस्कच्या लेबलवर ५ व्होल्टपुढं ०.७ किंवा १ अँपिअर असं काही छापलेलं असतं, आणि सुरू होताना डिस्कला सगळ्यात जास्त वीज लागते. कमी पडली तर डिस्क टिकटिक करून थांबते, परत सुरू होते, परत थांबते. ती बिघडलेली नसते, उपाशी असते. कॅबिनेटच्या पुढच्या तोंडांत न लावता मागच्या, थेट बोर्डवरच्या तोंडात लाव, किंवा दोन यूएसबी टोकांची केबल घे.

याच्या उलट उद्योग लोक करतात: बाहेरची पॉकेट डिस्क फोडून आतली डिस्क डेस्कटॉपमध्ये लावायची. करू नको. त्यातल्या पुष्कळशा डिस्कांवर साटाचं तोंडच नसतं, यूएसबीचं तोंड पाटीवरच पक्कं असतं. काहींत ती यूएसबीची पाटी माहिती सांकेतिक करून ठेवते, पाटी बदलली की डिस्कवर फक्त अर्थहीन आकडे उरतात.

आता सांगते ते अडॅप्टरपेक्षा मोठं. विंडोज १० आणि ११च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते, बिटलॉकर म्हणतात त्याला. मालकाला पत्ताही नसतो. लॅपटॉप चालू आहे तोवर कुलूप स्वतःच उघडतं, कारण किल्ली लॅपटॉपच्या बोर्डमध्ये असते. डिस्क डेस्कटॉपला लावलीस की ती ४८ आकड्यांची किल्ली मागते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती जपलेली असते, ज्याच्या नावानं लॅपटॉप सुरू केला त्याच्या खात्यात. म्हणून लॅपटॉपचे स्क्रू काढण्याआधी, तो निदान चालू होतोय तोवर, कुलूप काढ किंवा किल्ली कागदावर उतरवून घे. कोणाचं खातं, कुठला पासवर्ड हे विचारायला घरातली माणसं अजून आहेत, त्यांना आजच फोन कर. ऑफिसच्या लॅपटॉपची डिस्क असेल तर तिला हातच लावू नको. ती आपली नाही.

डिस्क लावून मशीन सुरू केलंस की पहिल्यांदा बायोसमध्ये जा आणि सुरुवात तुझ्याच डिस्कवरून होईल असं बघ. नाहीतर मशीन लॅपटॉपच्या जुन्या विंडोजमध्ये शिरायला बघेल, ते नव्या बोर्डला ओळखणार नाही, आणि दुरुस्तीच्या नादात डिस्कवर काहीबाही लिहून ठेवेल. लॅपटॉपचं विंडोज डेस्कटॉपवर जसंच्या तसं चालवायचा मोहही नको. लॅपटॉपबरोबर आलेला परवाना त्या बोर्डाशीच बांधलेला असतो. आपल्याला माहिती हवी आहे, विंडोज नाही.

डिस्क दिसली, पण पडद्यावर प्रश्न आला की ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?’ तर नाही. कितीही वेळा विचारलं तरी नाही. फोल्डर उघडताना परवानगी नाही म्हणेल, ते वेगळं, तिथं पुढं जा म्हणायला हरकत नाही, जुन्या मालकाच्या नावाचं कुलूप असतं ते. त्याचा फारच त्रास व्हायला लागला तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू कर, तो असले प्रश्न विचारत नाही आणि डिस्क फक्त वाचायची म्हटलं तर फक्त वाचतो.

उतरवून घेताना क्रम ठेव. सगळी डिस्क ओढायची नाही. आधी जे दुसरीकडे कुठंच नाही ते: फोटो, अण्णांच्या स्कॅन केलेल्या वह्या, बाबांची पत्रं. मग हिशेबाचं, टॅलीचं फोल्डर. मग ईमेल: आउटलुकची पीएसटी फाइल, आउटलुक एक्सप्रेस असेल तर डीबीएक्स फाइली, त्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. गाणी आणि सिनेमे सगळ्यात शेवटी, नाही निघाले तरी रडायचं नाही.

आणि फॉन्ट! हे तुला दुकानात कोणी सांगणार नाही, कारण त्यांना मराठी लिहायचं नसतं. बाबांची पत्रं युनिकोडच्या आधीची आहेत. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, आणि इथं जबलपुरात हिंदीसाठी कृतिदेव, असे फॉन्ट होते तेव्हा. त्या फाइलींत मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फाइल उचललीस आणि फॉन्ट मागे राहिला तर नव्या मशीनवर पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसतो. लोक म्हणतात, फाइल खराब झाली. झालेली नसते. म्हणून जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरातलं फॉन्ट्स नावाचं अख्खं फोल्डर वेगळं उतरवून ठेव. ते नव्या मशीनवर बसव, पत्रं उघड, आणि लगेच प्रत्येकाची पीडीएफ करून ठेव. युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, त्यांच्याकडून जोडाक्षरं आणि रफार थोडे चुकतात, ते सवडीनं दुरुस्त करता येईल. पेजमेकरच्या फाइली असतील तर त्यांचा छापील कागद घरात आहे का ते आधी बघ, बहुतेक असेल.

उघड्या डिस्कला आणि कॅबिनेटला हात लावण्याआधी अर्थिंग तपास. नेपियर टाउनमधल्या आपल्यासारख्या जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, तिसऱ्या भोकात तार असेलच असं नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला बोटाची पाठ लावून बघ, झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या गाळणीतून तेवढी वीज पत्र्यावर येते. त्या पत्र्याला एका हातानं आणि डिस्कला दुसऱ्या हातानं धरलंस तर तूच तार होतेस. आधी इलेक्ट्रिशियन बोलाव, मग डिस्क. उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तेव्हा नायलॉनची ओढणी, सिंथेटिक गालिचा, गादी, यांवर बसून हे काम नको. फरशीवर सुती चादर, अनवाणी, प्लग काढलेला, आणि सुरू करण्याआधी पत्र्याला एकदा स्पर्श.

डिस्क लावल्यावर आतून ठराविक तालात खट-खट आवाज आला, आणि वीज पुरेशी आहे याची खात्री असेल, तर लगेच बंद कर. पुन्हापुन्हा चालू करून बघायचं नाही. हलवायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, ते ऐकीव उपाय आहेत आणि आत पाणी धरतं. त्यातलं खरंच मोलाचं असेल तर ती डिस्क आता माहिती काढून देणाऱ्यांकडे जाईल, घरच्या टेबलावर नाही. आवाज नाही पण उतरवायला फार वेळ लागतोय, तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा प्रोग्रॅम उघड आणि ०५ आणि सी५ या दोन ओळी बघ. पहिलीत बदललेली खराब घरं, दुसरीत संशयातली. दोन्ही शून्य असतील तर बहुधा चिंता नाही. सी५चा आकडा डोळ्यांदेखत वाढत असेल तर मधल्या फाइलींवर अडून राहू नको, जे सहज निघतं ते आधी काढ.

माहिती निघाल्यावर डिस्क डेस्कटॉपमध्ये कायमची ठेवायची का? ठेव, पण दुय्यम कामाला. लॅपटॉपच्या डिस्का बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या, आधीच्या ४२००च्या. विंडोज त्यांच्यावरून चालवलंस तर दर क्लिकला चहा होईल. शिवाय त्यांना बॅटरी वाचवायची सवय असते. जरा काम नसलं की वाचणारं डोकं बाजूला नेऊन ठेवतात, परत आणतात. बऱ्याच डिस्कांना कंपन्या अशा ये-जा ६ लाखांपर्यंत सांगतात. दिवसभर चालू असलेल्या डेस्कटॉपमध्ये हा आकडा भराभर चढतो. त्याच क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘लोड सायकल’ची ओळ बघत जा. लिनक्सवर एचडीपार्म या प्रोग्रॅमनं ही सवय मोडता येते. मी तर म्हणेन, आठवड्यातून एकदा लावून बॅकअप घ्यायचा आणि काढून कपाटात ठेवायची, एवढंच काम तिला दे. कपाटात ठेवताना पाकिटावर लिही: कोणाची, कुठल्या लॅपटॉपची, काय आहे, कधी बघितली. पेन्सिलनं नको, हाताळून पुसट होतं.

ज्या डिस्का टाकायच्याच आहेत त्या रद्दीवाल्याला तशाच देऊ नको. डिलीट केलेलं गेलेलं नसतं. चालू असेल तर सगळ्या डिस्कवर शून्यं लिहून घे, वेळ लागतो, रात्री लावून झोप. बंद असेल तर फोडावी लागेल, आणि इथं एक धोका आहे. साडेतीन इंची डिस्कमधल्या तबकड्या बहुधा ॲल्युमिनिअमच्या असतात, त्या वाकतात. अडीच इंचीतल्या पुष्कळदा काचेच्या असतात, वर धातूचा मुलामा, बघून कळत नाही. हातोडा मारला की तुकडे उडतात. झाकण बंदच ठेव, डिस्क जाड पोत्यात गुंडाळ, डोळ्यांवर चष्मा, आणि पोत्यावरून घाव. आत किणकिण वाजायला लागलं की झालं. मग ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाकडे दे, त्याचे नियम १ एप्रिल २०२३पासून नव्यानं लागू झाले आहेत. ॲल्युमिनिअमची डिस्क फोडशील तेव्हा आतली दोन चुंबकं काढून घ्यायला हरकत नाही, फार जोरकस असतात. फक्त ती एकमेकांजवळ नेताना मधे बोट येऊ देऊ नको, आणि चालू डिस्कांच्या पाकिटाशेजारी ठेवू नको.